पाठवण्याआधीच संदेश पोहोचला? ट्रेससाठी नोडची घड्याळे जुळवताना

एमपीआय प्रोग्रॅमच्या (ज्यात क्लस्टरमधल्या नोडवरच्या, म्हणजे संगणकांवरच्या, प्रोसेस एकमेकींना संदेश पाठवत काम करतात) ट्रेसमध्ये, म्हणजे घटनांच्या वेळांच्या नोंदीत, ‘रिसीव्ह’ची वेळ ‘सेंड’च्या आधीची दिसली, तर कोड उकरण्याआधी घड्याळे तपासा. इन्फिनिबँडवर (क्लस्टरमधल्या जलद नेटवर्कवर) छोटा संदेश एक-दोन मायक्रोसेकंदांत पोहोचतो. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी पद्धत) लावलेल्या दोन नोडमध्ये याच्या कितीतरी पट फरक सहज राहतो. त्यात दोन घड्याळांची चाल सेकंदाला १० मायक्रोसेकंदांनी वेगळी असली, तर तासाभरात ३६ मिलिसेकंदांची तफावत पडते. म्हणून फरक स्वतः मोजायचा आणि वेळा मागाहून दुरुस्त करायच्या.

टायमर म्हणून लिनक्सचे ‘क्लॉक मोनोटॉनिक रॉ’ किंवा प्रोसेसरचा टीएससी (ठोके मोजणारा काउंटर) घ्या. ‘रिअलटाइम’ नकोच, ते मध्येच मागेपुढे होऊ शकते. साधे ‘मोनोटॉनिक’ मागे जात नाही, पण एनटीपी त्याचा वेग बदलत राहते. टीएससीसाठी लिनक्सच्या ‘सीपीयूइन्फो’ फाइलमध्ये ‘कॉन्स्टंट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे दोन्ही फ्लॅग हवेत.

आता मोजणी. एक नोड मुख्य ठरवा. मुख्य नोडने आपली वेळ टिपून (क) संदेश पाठवायचा, दुसऱ्याने आपली वेळ (ख) उत्तरात धाडायची, मुख्याने उत्तर मिळाल्याची वेळ (ग) टिपायची. फरक = ख − (क + ग) ÷ २. पहिल्या काही फेऱ्या टाकून द्या, कारण जोडणी उभारण्यातच वेळ जातो. मग शंभरेक फेऱ्या घ्या आणि सरासरी न काढता सर्वांत कमी वेळाची फेरी धरा. रेंगाळलेल्या फेरीत जाण्या-येण्याचा वेळ सारखा नसतो. सर्वांत जलद फेरी ४ मायक्रोसेकंदांची असेल, तर चूक २ च्या आतच राहते. सगळे नोड एकदम मुख्य नोडवर तुटून पडू देऊ नका, एकेक घ्या. एका नोडवरच्या सगळ्या प्रोसेसचे घड्याळ एकच असेल, तर नोडमागे एक मोजणी पुरते.

हीच मोजणी प्रोग्रॅम संपताना पुन्हा करा आणि मधल्या प्रत्येक नोंदीचा फरक सरळ रेषेने काढून तिच्या वेळेतून वजा करा. सुरुवातीला १२० आणि ६० सेकंदांनी ७२० मायक्रोसेकंद फरक असेल, तर ३०व्या सेकंदाला ४२० वजा होतील.

ट्रेस नोंदवणारे स्कोर-पी हे साधन हे सगळे स्वतःच करते. मात्र लांब रनमध्ये तापमानाबरोबर घड्याळाच्या स्फटिकाची चाल बदलते आणि ती रेषा वाकते. अशा वेळी मध्येही, शक्यतो बॅरिअरपाशी (जिथे सगळ्या प्रोसेस एकमेकींसाठी थांबतात), मोजणी करा. तरीही उलटे संदेश उरले, तर स्कलास्का या ट्रेस तपासणाऱ्या साधनाचा ‘टाइम-करेक्ट’ पर्याय ‘रिसीव्ह’ पुढे ढकलून क्रम सुधारतो. पण त्याने आजूबाजूचे कालावधीही थोडे बदलतात, तेव्हा तो शेवटीच वापरा.