फार्न बेटांवर समुद्रपक्षी पाहायला जाताना

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलंडमध्ये, सीहाउसेस हे छोटे बंदर आहे आणि फार्न बेटांकडे जाणाऱ्या बोटी तेथूनच सुटतात. लंडन किंवा एडिनबराहून रेल्वेने बेरिक-अपॉन-ट्वीडला उतरून पुढे बसने जावे. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचाच काळ निवडावा, कारण जुलै सरता सरता पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी आपली बिळे सोडून खुल्या समुद्रावर निघून जातात.

तिकीट घेताना फेरी नुसती बेटांभोवतीची आहे की त्यांपैकी इनर फार्न या बेटावर उतरवणारी, हे विचारून घ्यावे. उतरण्याचे शुल्क बेटांची देखभाल करणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था वेगळे घेते. बर्ड फ्लूमुळे २०२२ मध्ये बंद झालेले उतरणे २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले असल्याने चालू हंगामाचे नियम आधी पाहावेत. शक्य असेल तर उतरण्याचीच फेरी घ्यावी. हलत्या बोटीतून दुर्बीण स्थिर राहत नाही. बोट लागत असेल त्यांनी गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी.

टोपी मात्र विसरू नये. धक्क्यावरून वर जाणाऱ्या वाटेच्या अगदी कडेला आर्क्टिक टर्न अंडी घालतात. आपल्या नदीसुरयाचा हा उत्तरेकडील भाऊबंद दिसायला नाजूक असला, तरी पिलांच्या बाबतीत तो कोणाची गय करत नाही. कर्कश ओरडत झेपावतो, लालभडक टोकदार चोच टाळूवर मारतो, प्रसंगी रक्त काढतो आणि वर शिटूनही जातो. अशा वेळी हात उगारू नयेत, पायाखाली पाहत सावकाश पुढे सरकावे. १९८२ मध्ये या बेटांवर ओळखीसाठी पायात कडी घातलेले आर्क्टिक टर्नचे एक पिलू सुमारे तीन महिन्यांत ऑस्ट्रेलियातील मेलबर्नला पोहोचले होते, हे आठवले तर त्या चोचीचा राग थोडा कमी होतो.

आखून दिलेली वाट कोठेही सोडू नये. पफिन मऊ मातीत बीळ खणून आत एकच अंडे घालतो, आणि वरून घट्ट दिसणारी जमीन एका पावलाने ढासळू शकते. चोचीत सँडईल मासे आडवे धरलेला पफिन जवळ येऊन नुसता उभा राहिला, तर तो छायाचित्रासाठी थांबला आहे असे समजू नये. बहुधा आपणच त्याच्या बिळाची वाट अडवलेली असते. लगेच बाजूला व्हावे, कारण तो रेंगाळला की टपून बसलेले कुरव त्याच्या चोचीतले मासे हिसकावून नेतात.

कुत्र्याला बेटावर उतरवता येत नाही. समुद्र खवळलेला असेल तर फेरी ऐन वेळी रद्द होते, म्हणून सीहाउसेसला एक जादा मुक्काम हाताशी ठेवावा.