तुर्की शिकताय? मग डोक्यात मराठीच चालू ठेवा

बरेच जण तुर्की इंग्रजीतून शिकायला घेतात आणि मग प्रत्ययांपाशी गाडी अडते, मी पण नाशिकच्या इंदिरानगरला घरी बसून सुरुवातीला तेच करत होतो. अहो, वाक्याची रचना आपल्यासारखीच आहे, क्रियापद शेवटी, आणि इंग्रजीतले इन, फ्रॉम शब्दाच्या आधी येतात तसं इथे नाही, आपल्यासारखं मागून चिकटवायचं. एव् म्हणजे घर, एव्दे घरात, एव्देन घरातून, एव्लेर घरं.

आता खरी मेहनत आहे ती स्वर जुळवण्यात. द्राक्षाच्या बागेला तुर्कीत 'बा' म्हणतात, हा आपला 'बाग'च, फारसीतून दोघांकडे आलेला, फक्त शेवटचा ग ते उच्चारत नाहीत, आ लांबवतात. मग बागेत म्हणजे बादा, बादे नाही! शब्दातला शेवटचा स्वर आ, ओ, उ किंवा बिनटिंबाचा आय (ı) असेल तर प्रत्ययात आ घ्यायचा, आणि ए, इ किंवा दोन टिंबवाले ओ आणि यू (ö, ü) असतील तर ए. म्हणून एव्लेर पण बालार. पाठ करू नका, मोठ्याने म्हणा, आठवड्याभरात चुकीचं कानाला खटकायला लागतं. काही प्रत्ययांची चार रूपं होतात, ती नंतर बघा.

लिंगाची कटकट नाही, तो, ती, ते सगळ्याला 'ओ'.

क्रियापदात एक गंमत लक्षात ठेवा, 'गेल' म्हणजे जा नाही, ये! गेलियोरुम म्हणजे मी येतोय किंवा येतेय, दोन्ही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे क्रियापदाला लागणारा 'मिश' प्रत्यय. इंग्रजीतून समजवताना लोकांना परिच्छेद लिहावे लागतात, आपल्याकडे एक शब्द आहे, 'म्हणे'. समजा पावसाळ्यात तुम्ही नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी उभे आहात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलेलं स्वतः बघताय, तर पूर आला म्हणजे 'सेल गेल्दी'. पण घरीच आहात आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं, तर पूर आला म्हणे, 'सेल गेल्मिश'. बातमी तीच, फक्त डोळ्यांनी पाहिलं की कानांनी ऐकलं एवढाच फरक, आणि तुर्की माणूस तो बोलताना पाळतोच. नाही आला असेल तर मध्ये 'मे' घाला, गेल्मेदी, आणि नाही आला म्हणे, तर गेल्मेमिश.