शेकोटी शिकवताना
नव्या स्काउटांना शेकोटी पेटवण्याआधी ती विझवायला शिकवावे, असे इतक्या वर्षांच्या स्वयंसेवेनंतर माझे ठाम मत झाले आहे. भोवतालचा सुमारे ३ मीटरपर्यंतचा पालापाचोळा दूर सारून, पाण्याने भरलेली बादली हाताशी ठेवल्यावरच काडी ओढू द्यावी. आगकाडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या आणि शेवटी अंगठ्याएवढ्या जाडीच्या वाळक्या काटक्या संघातील ६ ते ८ मुलांनी स्वतः निवडाव्यात. कोणी ओले लाकूड आणले तरी मार्गदर्शकाने लगेच टोकू नये (हा संयम मला सर्वांत कठीण गेला), कारण धूर डोळ्यांत गेल्यावर, वाळकी काटकी मोडताना कटकन आवाज करते, ही खूण मुले विसरत नाहीत. निघताना पाणी ओतून राख ढवळावी, पुन्हा ओतावे, आणि पालथा हात जवळ धरून ऊब उरली नसल्याची खात्री सर्वांत लहान मुलाने दिल्यावरच संघनायकाने जागा सोडावी.