बायोटेक्नॉलॉजीचा पेपर जर्नलला पाठवताय? सबमिटचं बटण दाबायच्या आधी आणि नंतर काय काय करायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल तर पुढचं सगळं लगेच समजेल. व्यापारी ढिगापाशी येतो, एक हळकुंड उचलतो, मोडून आतला रंग बघतो आणि बोली लावायची का पुढं सरकायचं ते ठरवतो, अख्खा ढीग कुणी उपसत बसत नाही. जर्नलचा एडिटरपण तुमच्या पेपरचं हेच करतो. टायटल, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, एखादी फिगर, कव्हर लेटर, बास. तिथं मन भरलं तरच पेपर रिव्ह्यूअरकडं, म्हणजे तपासणाऱ्या त्याच विषयातल्या जाणकारांकडं जातो, नाहीतर चार दिवसांत मेल येतो की धन्यवाद, पण हे आमच्या स्कोपमध्ये बसत नाही. याला डेस्क रिजेक्ट म्हणतात आणि माझा पहिला पेपर असाच परत आलेला. काम होतं हळदीच्या कंदकुजीला अडवणाऱ्या बॅक्टेरियाचं आणि आम्ही तो पाठवला कुठं, तर फर्मेंटेशन आणि एन्झाइमवाल्या जर्नलला, कारण काय तर नावात बायोटेक्नॉलॉजी होतं. चूक पूर्ण आमचीच.

म्हणून पहिलं काम, जर्नल आधी ठरवा आणि मग लिहायला बसा. बहुतेक जण उलटं करतात. तुमच्या रेफरन्सच्या यादीत कुठलं जर्नल सारखं सारखं येतंय ते मोजा, तीन-चार नावं तिथंच मिळतात. मग त्यांच्या वेबसाइटवर एम्स अँड स्कोप वाचा, आणि गेल्या दोन वर्षांतले पाच-सहा पेपर उघडून बघा की ते कुंडीतल्या प्रयोगावर थांबलेलं काम घेतात का शेतातली ट्रायल मागतात, नुसतं स्क्रीनिंग चालतं का ते कसं घडतंय हेपण दाखवावं लागतं. काही जर्नल तर स्पष्ट लिहितात की वनस्पतीचा कच्चा अर्क काढून कागदाच्या डिस्कवर टाकला आणि भोवती जंतू न वाढलेला झोन मोजला एवढंच असेल तर पाठवू नका. आता हे न वाचता अडुळशाचा अर्क घेऊन तिथंच गेलात तर एडिटरचा काय दोष.

याच टप्प्याला पैशाचा विषय उरकून घ्या. पूर्ण ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलला बहुधा एपीसी म्हणजे छापायची फी असते, ती लाखाच्या पुढंपण जाते, आणि गरीब देशांना जी पूर्ण माफी असते त्या यादीत भारत सहसा नसतो. पण हायब्रीड जर्नल, म्हणजे ओपन आणि वर्गणीचे असे दोन्ही पर्याय असलेलं असेल तर पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर एक फॉर्म येतो, त्यात सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडला की सहसा एक रुपया लागत नाही. हा पर्याय बऱ्याच जणांना माहितीच नसतो, पोरं उगाच घाबरून चांगलं जर्नल सोडून देतात.

आणि मग ती बोगस जर्नलांची दुसरी जात, जी स्वतःहून मेल करते. "ग्रीटिंग्ज ऑफ द डे, एमिनंट रिसर्चर" अशी सुरुवात, तीन दिवसांत पब्लिकेशन, फी साडेतीन हजार, सर्टिफिकेट फ्री. पहिल्या वर्षाच्या पोराला एमिनंट कोण म्हणतंय हो? आमच्या ओळखीतल्या एकानं असा पेपर छापला, वर्षभरात ती वेबसाइटच गायब, आता तो पेपर ना दाखवता येतो ना दुसरीकडं देता येतो. तपासायचं कसं तर आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर आयएसएसएनच्याच पोर्टलवर टाकून बघा, स्कोपस या जर्नलांच्या डेटाबेसमध्ये आहे म्हणत असतील तर स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये जाऊन बघा, ओपन अ‍ॅक्सेस असेल तर डीओएजे ही ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची यादी बघा, आणि एडिटोरियल बोर्डातल्या एखाद्याच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर ते नाव खरंच आहे का तेपण बघा. यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या केअर लिस्टवर विसंबू नका, यूजीसीनं ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केली. आणखी एक, नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसीच्या नियमांत पीएचडीची थीसिस द्यायच्या आधी पेपर छापायची सक्ती राहिलेली नाही, युनिव्हर्सिटीचा स्वतःचा नियम काय आहे ते मात्र विचारून घ्या. घाईत पैसे भरायच्या आधी एवढा एक फोन तरी करायचा.

आता लिहिणं. इंट्रोडक्शन, डिस्कशन कसं लिहायचं यावर सगळेच बोलतात, पण बायोटेकचा पेपर अडकतो तो मेथड्समध्ये. आमच्याकडं यावर एक उपाय आहे, तो सांगते. मेथड्सची प्रिंट काढायची, ज्या ज्युनिअरनं हा प्रयोग कधी केला नाही तिच्या हातात द्यायची आणि आपण बाजूला स्टूलावर गप्प बसायचं. मिरजेहून येणारी एक ज्युनिअर होती, तिला डीएनए काढायचं पान दिलं. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. "ताई, बारा हजार आरपीएम लिहिलंय, पण कुठल्या मशीनवर?" लॅबमध्ये दोन सेंट्रिफ्यूज, एक छोटा, एक मोठा. मी म्हटलं, कुठल्यापण. मग तीच म्हणाली की फरक नाही का पडणार? बसून हिशोब केला. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. सात सेंटिमीटरच्या रोटरला १२,००० आरपीएमवर साधारण ११,३०० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितकी पट जोर) येतं आणि दहा सेंटिमीटरच्याला साधारण १६,१०० जी. म्हणजे एकच आकडा लिहून आम्ही दोन वेगळे प्रयोग सांगत होतो. तेव्हापासून आमच्या पेपरमध्ये आरपीएम नाही, जी लिहायचं. पुढच्या ओळीत "ओव्हरनाइट" होतं, त्यावर तिनं विचारलं किती तास, आणि "रूम टेंपरेचर" होतं, त्यावर काही विचारलं नाही, नुसती पंख्याकडं बघून हसली, कारण महिना मेचा होता.

असंच रेप्लिकेटचं, म्हणजे तोच प्रयोग स्वतंत्रपणे पुन्हा करण्याचं. एका कुंडीतल्या एका झाडाची तीनदा मापं घेतली तर ते तीन रेप्लिकेट नाहीत, ते एकच झाड आहे. तीन वेगळ्या कुंड्या, जमलं तर प्रयोग पुन्हा वेगळ्या वेळी, आणि फिगरखाली लिहायचं की एन किती, एरर बार स्टँडर्ड डेव्हिएशनचा आहे का स्टँडर्ड एररचा, आणि अनोव्हानंतर (गटांच्या सरासरीत फरक आहे का ते बघणारी चाचणी) कुठली टेस्ट लावली. रिव्ह्यूअर बघतोच बघतो.

सबमिट करायच्या आधी काही नंबर हातात लागतात, ते शेवटच्या रात्री मिळत नाहीत. सिक्वेन्सिंग केलं असेल तर सिक्वेन्स जीनबँक या सार्वजनिक डेटाबेसला टाकून त्याचा अ‍ॅक्सेशन (नोंद) नंबर घ्यायचा, पेपर छापेपर्यंत गुप्त ठेवा असं सांगायची सोय तिथं असते त्यामुळं चोरीची भीती नको. महत्त्वाचा स्ट्रेन असेल तर कल्चर कलेक्शनला, म्हणजे सूक्ष्मजीव जपणाऱ्या संस्थेला जमा करायचा, पुण्यात एनसीआयएम आणि एमसीसी आहेत, चंदीगडला एमटीसीसी. वनस्पती असेल तर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना आणि त्याचा व्हाउचर नंबर. आणि साताऱ्याकडच्या मंडळींनो, कासच्या पठारावरनं नमुना आणताना वन खात्याची परवानगी आधी, नंतर नाही. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि जर्नल परवानगीचं वाक्य मागतंच. सुट्टीच्या दिवशी फिरायला गेलो होतो तेव्हा कंदीलपुष्पाचं पान तोडून आणलं असं कुठं लिहिणार?

फोटोंचं थोडक्यात. फोटो वर्डमध्ये चिकटवून परत सेव्ह केला की खराब होतो, मूळ टिफ फाइल ३०० डीपीआयची वेगळी ठेवा. जेलचा ब्राइटनेस वाढवायचाच असेल तर पूर्ण जेलचा सारखा वाढवायचा, एका बँडचा नाही, आणि मधल्या लेन काढल्या असतील तर तिथं रेष दाखवायची. न कापलेला मूळ फोटो जपून ठेवा, मागतात.

नावांचा क्रम लिहायला सुरू करतानाच ठरवा. नंतर ठरवू म्हटलं की भांडणं होतात. ज्यानं खरंच काम केलं, लिहिण्यात भाग घेतला, शेवटची प्रत वाचून हो म्हटलं आणि जबाबदारी घ्यायला तयार आहे तो ऑथर, ज्यांनी नुसतं मशीन वापरायला दिलं त्यांचे आभार मानायचे. हे सरांना सांगणं अवघड असतं, मला माहितीय. चॅटजीपीटी ऑथर होऊ शकत नाही, भाषा सुधारायला वापरलं असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणं तसं लिहून द्या. आणि प्रत्येकानं ओआरसीआयडी हा संशोधकाचा ओळख नंबर काढा, १६ अंकी नंबर असतो, फुकट. सांगली जिल्ह्यात एस. पाटील नावाचे किती जण असतील मोजा, तुमचा पेपर त्यातल्या कुणाच्याही नावावर चढू शकतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रमपण एकदा ठरवा आणि मग बदलू नका.

आता मजकूर चोरीचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, पण जर्नल नुसत्या टक्क्यावर जात नाही. मेथड्समध्ये १२ टक्के जुळलं तर चालून जातं, डिस्कशनमधला एकच परिच्छेद जसाच्या तसा उचललेला सापडला तर नाही चालत.

सबमिशनला निवांत दोन तास ठेवा. पोर्टलवर अकाउंट, मॅन्युस्क्रिप्ट, फिगर, टेबल, कव्हर लेटर, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, फंडिंग, डेटा कुठं ठेवलाय त्याचं वाक्य, सगळ्या ऑथरचे ईमेल. कव्हर लेटरमध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्ट परत चिकटवू नका. आमचं चाललेलं पत्र साधं होतं, हळदीला कंदकुजीनं काय होतं, आम्हाला नवीन काय सापडलं, तुमच्या वाचकांना त्याचं काय, आणि हे दुसरीकडं दिलेलं नाही. शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे, एकाच वेळी दोन जर्नलला पेपर देणं हा सरळ गुन्हा धरतात. रिव्ह्यूअर सुचवा म्हणाले तर आपले मित्र, जुने को-ऑथर, आपल्याच कॉलेजचे असे देऊ नका, ज्यांचे पेपर तुम्ही वापरलेत त्यांची नावं द्या आणि ईमेल संस्थेचाच द्या. सगळं भरलं की पोर्टल एक पीडीएफ बनवतं, ती पहिल्या पानापासून वाचा, घाईत अप्रूव्ह दाबू नका.

मग वाट बघायची. "विथ एडिटर", "अंडर रिव्ह्यू" असं काय काय दिसत राहतं, रोज उघडून उपयोग नसतो, मी उघडायचे. तीन महिन्यांत हालचाल नसेल तर दोन ओळींचा नम्र मेल करायला हरकत नाही.

आमचा दुसरा प्रयत्न, जर्नल बदलून, रिव्ह्यूअरपर्यंत गेला आणि मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून परत द्या असा निरोप आला. अकरा मुद्दे. पहिलाच असा की तुम्ही सगळीकडं अँटीफंगल लिहिलंय, पण कंदकूज करणारी पिथियम ही खरी बुरशी नाही, ती उमायसीट या वेगळ्या गटातली, बुरशीसारखी दिसणारी आहे. कान लाल झाले माझे, कारण शेतकरी काय आणि आम्ही काय, कंदकूज म्हटलं की बुरशीच म्हणतो. दुसरा मुद्दा, नुसत्या १६ एस जीनवर (बॅक्टेरिया ओळखायला नेहमी वापरतात तो) बॅसिलस सबटिलिस म्हणून कसं सांगता, त्याचे भाऊबंद त्या जीनमध्ये जवळपास सारखेच दिसतात, जायरेज जीनचा सिक्वेन्स दाखवा. राग आला, एक दिवस फाइल बंद ठेवली. हा एक दिवस प्रत्येकानं ठेवावाच. मग उत्तराचं पत्र असं लिहायचं की रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं, त्याखाली आपलं उत्तर, आणि कुठल्या ओळीत बदल केला तो लाइन नंबर. नुसतं "करेक्टेड" लिहिणं म्हणजे त्याला शोधायला लावणं. पटलं नाही तर नाही म्हणा, पण पुराव्यासकट. आम्ही अकरातले नऊ मानले, जायरेजचा सिक्वेन्स करून घेतला, आणि शेतातली ट्रायल मागितली होती त्यावर लिहिलं की हळदीचं पीक आठ-नऊ महिन्यांचं, ते या पेपरच्या आवाक्याबाहेर आहे, आणि निष्कर्षातला "शेतकऱ्यांसाठी उपयुक्त" हा शब्द काढून "कुंडीत परिणामकारक" एवढाच ठेवला. ते मान्य झालं. मुदत पुरत नसेल तर ती संपायच्या आधीच वाढवून मागा, सहसा देतात.

अ‍ॅक्सेप्टचा मेल आला की पेढे वाटा, पण प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची तपासायची प्रत बाकी आहे. ते अचानक येतं आणि ४८ तासांत परत मागतात, नेमकं लग्नात किंवा गणपतीत. नावं, पत्ता, अ‍ॅक्सेशन नंबर, टेबलातले दशांश, लॅटिन नावं तिरकी आहेत का, आणि युनिट मूळ फाइल शेजारी ठेवून एकेक बघा. फॉन्ट बदलला की मायक्रोच्या म्यूचं एम होतं आणि मायक्रोचं मिलि. आमच्या प्रूफमध्ये आगरला पाडलेल्या एवढ्याशा भोकात ५० मायक्रोलिटरऐवजी ५० मिलिलिटर कल्चर ओतलेलं होतं, जिथं अख्ख्या पेट्री प्लेटमध्ये आगरच वीसेक मिलि असतं, आणि सरांनी ते प्रूफ दोनदा वाचून ओके म्हटलं होतं.