सापडलेल्या कुत्र्याची एक खूण गुपित ठेवा
ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा उपवन तलावाकाठी पट्टा घातलेला, भेदरलेला कुत्रा दिसला तर त्याला पाणी द्या, शांत होऊ द्या आणि पशुवैद्याकडे न्या. कातडीखाली मायक्रोचिप (ओळख क्रमांकाची बारीक चिप) असेल तर स्कॅनरवर 15 अंकी क्रमांक दिसतो. नोंदणी असल्यास त्यावरून मालक सापडतो. चिप दोन खांद्यांच्या मधे बसवतात, पण ती सरकते. म्हणून स्कॅनर पोटापायांवरूनही फिरवायला सांगा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो जरूर टाका, पण एखादी खूण त्यात दिसू देऊ नका: पोटावरचा डाग, कानाची चीर. जातिवंत कुत्र्यावर खोटा हक्क सांगणारेही येतात. ‘आमचाच आहे’ म्हणणाऱ्याला ती खूण विचारा, जुने फोटो मागा. खऱ्या मालकाला याचा राग येत नाही.