पियानोवर मोठं व्हायचंय? मग या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी मुंबईत पियानो शिकवते. पियानोच्या परीक्षांमधली आठवी, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड डिस्टिंक्शनमध्ये पास झालेली, आता परदेशी कॉन्झर्व्हेटरीची (संगीत महाविद्यालयाची) ऑडिशन द्यायची आहे, अशी मुलं दर वर्षी येतात. गुणी असतात, मेहनतीही असतात. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दुखणं अंगावर काढणं. तीन वर्षांपूर्वी एक सोळा वर्षांचा मुलगा आला. संगीतकार शोपँच्या ओपस 10 या संचातला पहिला एट्यूड (तंत्र घटवण्यासाठी लिहिलेला पीस) त्याला महिन्याभरात बसवायचा होता. छापील वेग मिनिटाला 176 ठोके, आणि उजव्या हाताचा पल्ला सुरुवातीलाच दहा पांढऱ्या पट्ट्यांचा. यानं व्हिडिओ बघून थेट पूर्ण वेगात सुरुवात केलेली, रोज पाच तास. वाजवताना बघितलं तर पंजा सतत फाकलेला, अंगठा ताठ, मनगट लाकडासारखं. दुखतं का विचारलं, तर म्हणाला, "थोडंसं, टीचर. सवय होईल." मी तेव्हाच पियानोचं झाकण लावायला हवं होतं. "हळू वाजव" एवढंच सांगून सोडलं, हे अजून मनाला लागून आहे. आठवड्याभरात त्याला पाण्याचा पेला उचलता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे वाजवणं बंद करायला लावलं आणि ऑडिशनचं ते वर्ष गेलं.

दुखण्याची सवय होत नसते. संगीतकार रॉबर्ट शूमान यांना उजव्या हाताच्या दुखण्यापायी ऐन विशीत पियानिस्ट व्हायचं स्वप्न सोडावं लागलं. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं 1960च्या दशकात आत वळू लागली, तेव्हा ते कारकिर्दीच्या ऐन भरात होते. पुढे कित्येक वर्षं त्यांनी फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवलं.

हा एट्यूड मी आता मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून सुरू करते. एक स्वर वाजला की पंजा लगेच मिटू द्यायचा, बोटामागून मनगट सरकू द्यायचं, सगळा पल्ला एकदम ताणून धरायचा नाही. दोन दिवस काहीही दुखलं नाही तर चार ठोके वाढवायचे. पंचवीस मिनिटं झाली की उठायचं. मुलं कंटाळतात; कंटाळू देत. शोपँची एक शिष्या रोज सहा तास सराव करते हे कळल्यावर शोपँ रागावला आणि तीन तासांवर वाजवायचं नाही, अशी त्यानं तिला ताकीद दिली.

दुसरी चूक आईबाबांची जास्त. परीक्षेपुरते तीन-चार पीस वर्षभर घोटून घ्यायचे आणि पुढची ग्रेड गाठायची. अशी मुलगी आठवी ग्रेड पास होते, पण समोर हायडन या संगीतकाराच्या सोनाटाचं (अनेक भागांच्या मोठ्या रचनेचं) नवं पान ठेवलं की चौथ्या बारला, म्हणजे चौथ्या आवर्तनाच्या घराला थांबते. ऑडिशनला साधारणपणे बाखची एखादी रचना, हायडन-मोझार्टच्या क्लासिकल काळातला एक सोनाटा, एट्यूड आणि शोपँ-शूमानच्या रोमँटिक काळातला एखादा मोठा पीस हवा असतो; ते एका वर्षात कुठून आणायचं? माझ्याकडे रोजची पहिली दहा मिनिटं नव्या पानाची असतात. दोन ग्रेड खालचं घ्यायचं, चुकलं तरी थांबायचं नाही.

सगळी तयारी डिजिटल पियानोवर करू नका. ग्रँड पियानोच्या पट्ट्या वेगळ्या वजनाच्या लागतात आणि घरी चालून गेलेलं पेडल हॉलमध्ये सगळे स्वर एकमेकांत कालवतं. शेवटचे दोन महिने आठवड्यातून एकदा तरी ग्रँड मिळवा, तासावर भाड्यानं घ्यावा लागला तरी.

नुसतं बोटांनी पाठ करू नका. मधल्या कुठल्याही बारपासून, एकट्या डाव्या हातानं सुरू करता आलं तरच पाठ झालं.

पावसाळा संपला की ट्यूनरला बोलवा.

आणि स्पर्धा. दक्षिण कोरियाचा पियानिस्ट युनचान लिम 2022 मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धा जिंकला. त्यानं वाजवलेल्या राखमानिनॉफच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोचा (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या अवघड रचनेचा) व्हिडिओ दाखवून आईबाबा विचारतात, आमच्याला हा कधी देणार? त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्यानं फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराचे बाराही ट्रान्सेंडेंटल एट्यूड सलग वाजवले होते, ते कुणी बघत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची बैठक आहे. वॉर्सातली शोपँ स्पर्धा दर पाच वर्षांनी होते आणि वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत भाग घेता येतो. वेळ आहे. मी राखमानिनॉफची प्रत बाजूला ठेवते, बाखचं दोन स्वरओळींचं इन्व्हेन्शन (सरावासाठीचा छोटा पीस) उघडते आणि आधी एकटा डावा हात वाजवायला सांगते.