परसात रातांबा लावायचा तर कलमच घ्या

भाचा सिमल्याला फिरून आला आणि फोनवर म्हणाला, "मामी, पुढच्या खेपेला पीचचं रोप आणू का? परसात लाव." मी नको म्हटलं. पीचला हिवाळ्यात 7 अंशांखालची थंडी शेकडो तास लागते, तेव्हा कुठे कळ्या धड फुटतात. आमच्या रत्नागिरीकडे पौषातल्या पहाटेलाही एक गोधडी पुरते. त्या झाडाचे इथे हाल कशाला? परसात एकाच झाडाची जागा असेल तर रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, लावा.

फक्त रोप घेताना जपा. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी रुजवून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, काही कळत नाही. मामंजींनी विहिरीजवळ तीन रोपं लावली होती. नवी सून असताना मीच त्यांना कळशीने पाणी घालायचे. आठव्या वर्षी तिन्ही फुलली, त्यातली दोन नर! मामंजी त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

फूल तळहातावर घेऊन पाहा. नरफुलं झुबक्याने येतात, मधोमध पिवळसर केसरांचा दाट गोळा असतो. मादीफुलात मध्ये हिरवी गोल गाठ दिसते, तेच पुढे फळ होतं. नर झाड दिसलं म्हणून लगेच कुऱ्हाड घालू नका. आसपास नर नसेल तर मादीला फळ धरत नाही. आम्ही एक तोडलं, एक ठेवलं.

म्हणून मादी झाडापासून बांधलेलं कलम घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 साली 'कोकण अमृता' ही जात दिली. ती लवकर पिकते, आणि माझ्या लेखी तोच तिचा मोठा गुण. मृगाचा पाऊस फळांवर पडला की ती कुजतात, आमसुलं वाळवायला ऊनही उरत नाही.

कलमाचा जोड बोटाने चाचपा. तो भरून आलेला हवा, प्लॅस्टिकची पट्टी रुतलेली नको. वरची फांदी सरळ उभी वाढणारी हवी. आडव्या फांदीची काडी वापरली असेल तर झाड झुडपासारखं पसरत जातं. एका रोपवाटिकेतून आणलेल्या कलमाची पट्टी मी वेळेवर सोडली नाही. वरचा भाग वाळला आणि खालून खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळाकडच्या रोपाचा, फुटवा जोमाने वर आला. लालसर कोवळी पालवी बघून मी वर्षभर खूश होते, पण ती खुंटाची होती. तेव्हा जोडाखालचा प्रत्येक फुटवा नखाएवढा असतानाच खुडा.

खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्या. आमच्या जांभ्यात तीन फूट खणायला पहार लागते. वरची माती आणि दोन टोपल्या कुजलेलं शेणखत भरा. पाऊस नीट बसला की लावा, जोड मातीच्या चार बोटं वर ठेवा. काठीला सुंभाने सैल बांधा. दुसऱ्या झाडापासून वीस फूट तरी सोडा. माडाच्या सावलीत रातांबा छान वाढतो, त्यामुळे जागेची फार चिंता नको.

पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र कष्टाचे. पश्चिमेकडून माडाच्या पानांचा विणलेला झाप उभा करा, आठवड्यातून दोनदा कळशीभर पाणी द्या. बुंध्याशी पातेरा, म्हणजे वाळका पाला, घाला, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते.

चौथ्या-पाचव्या वर्षी फळं येतात. गडद लाल झाली की काढा. चिरून गर आणि बिया वेगळ्या करा. साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घाला, वाळल्या की पुन्हा बुडवा, असं काळ्याभोर होईपर्यंत. बिया टाकू नका. धुऊन वाळवून ठेवा. त्यांचं तेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना कोमट करून चोळायचं, त्यावर दुसरं मलम लागत नाही.